भांडखोर बहिणीचा शोधनिबंध

आमच्या इतिहासाच्या सरांनी आयुष्यात जेवढे शोधनिबंध लिहिले, त्याहून जास्त मागे घेतले असतील. असं विधान करताना मला थोडी भीती वाटते, कारण सरांनी हे वाचलं तर ते आधी पुरावा मागतील. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या नाशिकच्या कॉलेजात शिकलेल्या कुणालाही विचारा. युद्धकाळात ज्यांचा छळ झाला, ज्यांना घरदार सोडून पळावं लागलं आणि तरी जे वाचले, अशांच्या आठवणी हा सरांचा विषय. ज्याची आठवण, त्याला निबंध आधी वाचून दाखवायचा आणि तो ‘चालेल’ म्हणाला तरच परिषदेत मांडायचा, हा त्यांचा नियम. पंचवटीत एक आजोबा राहायचे. ते लढाईच्या काळात ब्रह्मदेशातून पायी आलेले. सर वाचायला लागले की त्यांना हमखास डुलकी लागायची. सर थांबायचे आणि ते जागे झाले की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायचे. ‘अहो, राहिलं तिथून वाचा ना,’ आजोबांची सून कंटाळून म्हणायची. ‘झोपेतल्या माणसाची संमती धरता येत नाही, वहिनी,’ सर म्हणायचे. निबंध ज्या परिषदेसाठी होता ती होऊन गेली, तिचं पुस्तकही निघालं, तेव्हा सर चौथ्या पानावर होते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सायखेड्याकडे आमचा भाजीचा आणि फुलांचा मळा. परिषद म्हणजे काय, हे मला सरांमुळेच कळलं. छातीवर बिल्ला, खांद्याला तागाची पिशवी, दीपप्रज्वलनाला हमखास न पेटणारी वात, आणि जेवण झालं की प्रमाणपत्र घेऊन पसार होणारी मंडळी. सर मात्र दुपारच्या सत्राला पहिल्या रांगेत बसलेले असत. मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या. बोलणारा बिचारा खुर्च्यांकडे बघत वाचायचा, आणि त्याचं संपलं की सर उभे राहून त्याला एक प्रश्न विचारायचे. ‘विषय माझाही नव्हता,’ ते मला एकदा म्हणाले, ‘पण तो मुलगा विदर्भातून रात्रभर प्रवास करून आला होता.’

याच सरांना देवळालीच्या आजी भेटल्या. आजी मूळच्या युरोपातल्या, ज्यू. लहानपणी नाझींच्या छळछावणीत होत्या. युद्ध संपल्यावर देवळालीत डॉक्टर असलेल्या मामाने त्यांना इकडे आणलं आणि पुढे त्या तिथल्याच सॅनिटोरियममध्ये नर्स झाल्या. मराठी शिकल्या त्या आयांकडून आणि भाजीवाल्यांकडून. त्यामुळे सरांबरोबर मी पहिल्यांदा गेले आणि गोरी, निळ्या डोळ्यांची ही बाई सुती साडीचा पदर खोचून, ‘लय उन्हात आलास मास्तर, पानी पी आधी,’ असं म्हणाली, तेव्हा मला वाटलं माझी मावशीच बोलते आहे. स्वतःची जर्मन भाषा आपण विसरलो, असं त्या सांगत. मांजराला मात्र त्या त्याच भाषेत रागवत. त्या भाषेत त्यांची एखादी तरी आठवण ऐकायला मिळावी, म्हणून सर झुरत होते. एकदा त्यांनी तसं सुचवलं. आजी म्हणाल्या, ‘त्या भाषेत लोक लय वरडले माझ्यावर. मराठीत कोन वरडलं नाय.’ सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्याच कॉलेजात मोठी परिषद ठरली. सरांनी आजींवर निबंध लिहिला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवायला गेले. मीही बरोबर होते. आजींची धाकटी बहीण छावणीतच वारली होती, आणि त्या भागापर्यंत सर आले. ‘मृत्यूच्या आदल्या रात्रीही पांघरुणावरून आम्हां बहिणींत किरकोळ मतभेद झाले,’ सरांनी गंभीर आवाजात वाचलं.

आजी म्हणाल्या, ‘कोनाचे मतभेद?’

‘तुमचे. बहिणीशी.’

‘मतभेद नाय झाले, मास्तर. भांडन झालं. तिनी मला चिमटा काढला. लय भांडकुदळ व्हती ती. तू तिला गरीब गाय करून ठेवली. ही माझी बहीन नाय, दुसरीच कोन बाई हाय.’

‘आजी, परिषदेत मोठमोठी माणसं येणार आहेत. थोडी प्रमाण भाषा...’

‘मग त्यांना दुसऱ्या कोनाची बहीन सांग,’ आजी म्हणाल्या. ‘ती मेली तवा तिला कोनी इचारलं नाय, तू कशी हायेस म्हनून. आता सांगायची तर हाय तशी सांग. नायतर नको.’

 दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध फाडला आणि आजींचे शब्द जसेच्या तसे उतरवून काढले. ते वाचून दाखवल्यावर आजी ‘चालंल’ म्हणाल्या. अडचण एकच होती. सर सदाशिव पेठेत वाढलेले. ‘नाय’ म्हणायला गेले तरी त्यांच्या तोंडून ‘नाही’मधला ‘ही’ डोकावायचाच. मग कॉलेजच्या व्हरांड्यात त्यांचा सराव सुरू झाला. ‘लय’ हा शब्द त्यांना इतका आवडला की ते तो कुठेही घालू लागले. एकदा बाजारात भाजी घेऊन बसलेल्या माझ्या वडिलांपुढे, अण्णांपुढे, उभे राहून त्यांनी विचारलं, ‘लय मेथी कशी दिली?’ संध्याकाळी अण्णा मला हळूच म्हणाले, ‘पोरी, तुझ्या सरांना बरं नाय का?’

परिषदेच्या दिवशी आजी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी तोंड उघडलं आणि सभागृहात खसखस पिकली. ‘माझी बहीन लय भांडकुदळ व्हती.’ अध्यक्षांनी चष्मा काढून पाहिलं. सर वाचत राहिले. चिमट्यापाशी तर लोक मोकळेपणाने हसले, आजीही हसल्या. मग पुढची ओळ आली. ‘सकाळी पांघरून वढलं तर लगेच आलं. मला वाटलं, आज मी जिंकले.’

नंतर कुणी हसलं नाही. अध्यक्षांच्या हातातली वेळ संपल्याची घंटी तशीच राहिली.

जेवणाच्या वेळी दिल्लीहून आलेले एक प्राध्यापक आजींपाशी आले. ते जर्मनीत शिकलेले. त्यांनी वाकून त्या भाषेत काहीतरी आदराचं म्हटलं. सरांचा चेहरा पडला. आजींनी ऐकून घेतलं आणि सरांना म्हणाल्या, ‘त्यांना सांग, जेवताना नको.’ पाहुणे माफी मागून वळले. आजींनी पुरीचा एक तुकडा मोडला, तो हातातच धरला, आणि मग स्वतःच हाक मारली, ‘ओ पाव्हनं, बसा.’ ते बसले. आणि आजी त्या भाषेत बोलू लागल्या, अगदी हळू, अडखळत, जसं बऱ्याच वर्षांनी माहेरी गेलेली बाई अंधारात उंबरठा चाचपते.

सर ताडकन उठले. ‘चल, मठ्ठा आणू,’ मला म्हणाले. माझ्या हातात मठ्ठ्याचा भरलेला पेला होता. तरी आम्ही पार मांडवाच्या टोकाला जाऊन उभे राहिलो, आजींकडे पाठ करून.

‘सर, तुम्हाला ऐकायचं होतं ना?’ मी विचारलं.

‘ते आपल्याला सांगितलेलं नाही,’ सर म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या. दिल्लीचे ते पाहुणे आणि सर यांची पत्रं अजून चालू आहेत. त्यात हवा असते, प्रकृती असते, नवी पुस्तकं असतात. त्या दिवशी आजी काय बोलल्या, हे सरांनी त्यांना आजवर विचारलेलं नाही. आणि पाहुण्यांनीही, आता सरांना ओळखत असल्यामुळे असेल, ते कधी लिहिलेलं नाही.