पाहुण्यांच्या दिवशी विनीत

"म्हणजे पाहुणे येणार म्हणून गाद्या माळ्यावर टाकतो, तसंच याला उचलून ठेवायचं?" मेघनाने लाटणं खाली ठेवलं. "आई, मुलगा आहे तो."

"मी काय तेका टाकून दिलंय?" तिच्या सासूचा, सुंदराबाईंचा आवाज गॅलरीपर्यंत गेला. "येका दुपारचो प्रश्न आसा. रे रोडाक आत्येकडे, शैलाकडे जायत, जेवीत, सांजेक परत येयत."

"आणि त्यांनी विचारलं, भाऊ कुठे, तर?"

"भायर गेलो म्हणान सांगायचा."

"आवाज कमी करा दोघींनी," मेघनाचा नवरा दौलत मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "पलीकडे सावंतकाकू टीव्ही बंद करून बसल्या असतील."

"बसू दे. त्यांना माहीत आहे विनीतला काय आहे ते. मीच सांगितलंय."

"तुका सांगूची हौसच मोठी," सुंदराबाई म्हणाल्या. "आखो लालबाग जाणता. आता नायगावाक कळला काय पोरीचा लगीन मोडतला."

पोरगी म्हणजे अक्षदा, विनीतची थोरली बहीण. खिडकीशी उभी राहून ती ओढणीला इस्त्री करत होती. रविवारी नायगावहून राकेशच्या घरचे तिला बघायला येणार होते. फोनवर दोघांचं जमलं होतंच, आता मोठ्यांनी बघायचं तेवढं उरलं होतं. ती या भांडणात कोणाच्याच बाजूने बोलत नव्हती. ओढणीवर सुरकुती नव्हती, तरी इस्त्री फिरत होती.

सांगायची हौस हे मात्र खरं होतं. डिलाईल रोडच्या या चाळीतून मेघना रोज लालबागला जाते. तिथे मिरची कांडायच्या दुकानात ती गिऱ्हाइकांच्या मिरच्या तोलून घेते, मसाले भाजायला देते. मार्चपासून मे संपेपर्यंत तिथे बायकांची रीघ असते. मिरची कांडायला देऊन कोणी घरी जात नाही. आपल्या डब्यात दुसरीचा मसाला येईल, ही धास्ती. म्हणून बाया नाकाला पदर लावून, शिंकत, तास-दोन तास स्टुलावर बसून राहतात. बसल्यावर सुना, नणंदा, पोरांच्या परीक्षा, सगळं निघतं. मेघना काटा बघता बघता ऐकते. मुलगा उशिरा बोलायला लागला, वयापेक्षा फार उंच आहे, कप धरला की हात थरथरतो, शाळेत मागे पडतो, एकदम चिडतो, असं कोणी म्हणालं की तिचा काटा थांबतो.

"डॉक्टरांना दाखवलंत? गुणसूत्रांची तपासणी करतात का, विचारा तरी."

"म्हणजे काय गं ते?"

मग ती सांगते. आईबापाकडून बाळाला जे काही मिळतं ते या गुणसूत्रांतून मिळतं. मुलग्यात एक एक्स असतो, एक वाय असतो. हजारो मुलग्यांत एखाद्याला दोन्ही एकेक जास्तीचे मिळतात. माझ्या मुलाला मिळालेत. "तुमच्या मसाल्यात धणे आणि बडीशेप एकेक मूठ जास्त पडली, तर मसाला फुकट जात नाही. वेगळा होतो."

"आमच्याकडे वेगळा झाला तर सासू डबा परत पाठवते," एकदा एक चिंचपोकळीची बाई म्हणाली आणि दुकानभर हशा पिकला. मेघनाही हसली. पण जाताना तीच बाई तिचा नंबर घेऊन गेली. तिच्या मुलाचं निदान वेगळंच निघालं, तरी ती येते. महिन्यातून एकदा मेघनाच्या खोलीत अशा आया जमतात. कोणाच्या मुलाला विनीतसारखंच आहे, कोणाला नुसता एक्स जास्त आहे, कोणाला डॉक्टरही अजून नीट सांगू शकलेले नाहीत. हार्मोनची इंजेक्शनं कधी सुरू करायची, दातांची कीड कशी सांभाळायची, वर्गातल्या मुलांनी चिडवलं तर काय करायचं, हे बोलणं होतं. आणि एखादी नुसतीच रडते, तेव्हा तिला कोणी गप्प हो म्हणत नाही.

हे सगळं मेघना शिकली ती गावी झालेल्या एका गोंधळानंतर. विनीत नऊ वर्षांचा असताना सुंदराबाई त्याला जत्रेला गावी घेऊन गेल्या होत्या. ढोल वाजायला लागले आणि पाण्याचा तांब्या धरलेला विनीतचा हात थरथरला. कोणीतरी म्हणालं, पोराला वारं येतंय. झालं. त्याला पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू लावलं, बाया पाया पडल्या. एकीने हरवलेल्या म्हशीचं विचारलं. विनीतने बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाला, "मला शू लागलीय." तेवढ्यात दुसऱ्या गाडीने पोहोचलेल्या मेघनाने त्याला गर्दीतून उचललं, तेव्हा नऊ वर्षांचा तो मुलगा तिच्या खांद्याएवढा होता. मुंबईला परतल्यावर ती सरळ सरकारी इस्पितळात गेली आणि हात का थरथरतो हे कळेपर्यंत एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

तो दिवस आत्ता तिच्या तोंडून निघालाच.

"वारं म्हणत होते तेव्हा त्याला अख्ख्या वाडीत मिरवलंत, आई. माझा नातू देवाचा म्हणून. आता डॉक्टरांनी नाव सांगितलं तर लपवायचा?"

सुंदराबाई बऱ्याच हळू म्हणाल्या, "देवाचा म्हटला काय लोक पाया पडतत. ह्या सांगितला काय लोक पोरीच्या रक्ताचा विचारतत. मी लोकांक भितंय, पोराक नाय."

त्यात तथ्य होतं, आणि मेघनाला ते कळत होतं. "रक्ताचं नाही हे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. गर्भ राहतानाच होऊन जातं, कोणाच्या घराण्यातून येत नाही. अक्षदाच्या मुलांना यामुळे काही व्हायचं नाही."

"ते तू मिरचीवाल्या बायकांना पटवशील," दौलत म्हणाला. "व्याह्यांना कोण पटवणार?"

"अक्षदा, तू राकेशला काय सांगितलंयस?"

इस्त्री थांबली. "भाऊ गावी असतो म्हणून."

तेवढ्यात दारातून विनीत आत आला, चौकटीखालून मान वाकवून. सोळाव्या वर्षी दौलतपेक्षा वीतभर उंच. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचं पाणी भरून आला होता, शर्ट पुढून भिजला होता. त्याने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. तो गॅलरीत किती वेळ होता कोणास ठाऊक.

"मी जातो ना आत्याकडे," तो म्हणाला. शब्द नेहमीसारखे एकेक करून आले. "आत्याचा टीव्ही... मोठा आहे. मागच्या वेळी गच्चीवर होतो. गच्चीवर ऊन... फार लागतं."

"मागच्या वेळी?" मेघनाने विचारलं.

"ताईला बघायला... डोंबिवलीचे आले तेव्हा. आजी म्हणाली, हाक मारेपर्यंत येऊ नको." त्याने भिजलेला शर्ट पिळला. "मग कोणी हाकच मारली नाही. मी अंधार झाल्यावर आलो. कोणाला सांगितलं नाही."

मेघनाला तो दिवस आठवला. ती पोहे परतत होती आणि तिला वाटलं होतं, पोरगा मित्रांकडे रमलाय. ती सुंदराबाईंकडे वळली. सुंदराबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. दौलतने मोबाइल उलटा ठेवला.

"आई, मीच बोलते राकेशशी," अक्षदा पुटपुटली. "पण रविवारनंतर. आधी बघून तर जाऊ देत."

"नाही," मेघना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट काट्यावर वजन सांगावं तसा सपाट झाला. "राकेशला तू आज सांगायचं. संध्याकाळी मी त्याच्या आईला फोन करणार. विनीतला काय आहे ते नावासकट सांगणार. त्यावर त्यांना यायचं असेल तर येतील. रविवारी विनीत घरात असेल, पाहुण्यांसमोर, खुर्चीवर. आणि कोणी आलं नाही, तरी तो घरातच असेल."