उलथन्याला कुंकू

खंडेनवमीच्या दिवशी मी घरातला चांगला चालणारा कॉम्प्युटर दुरुस्त केला.

म्हणजे त्याची तक्रार काहीच नव्हती. पण विंडोजच्या जागी घालायच्या नव्या लिनक्सची सीडी माझ्या हाताला लागली होती आणि मी सांगलीभर कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणून मिरवत होतो. (इंजिनिअर व्हायला दोन विषय राहिले होते.) त्याच कॉम्प्युटरवर वहिनीचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट होता. तिच्या माहेरी, जतकडं, कुठल्या वाडीला टँकर कधी येतो त्याचा रंगीत नकाशा! सहा महिने खपली होती बिचारी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा.

"भावजी, आत्ताच कशाला हात लावताय?"

"नवीन घातलं की नकाशा कसा पळतोय बघा!"

नवीन घातलं. पळालं ते चित्रच! उरला काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. नकाशा आत सुखरूप होता, पण दिसणार कसा? ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर घालायला कार्डाचं नेमकं नाव हवं होतं. कार्ड डब्याच्या आत, आणि डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर हवा.

तो वडिलांच्या पूजेत, पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू लावून!

"आबा, एकच मिनिट द्या की!"

कुपवाडला लेथवर आयुष्य काढलेले आबा मानही न वळवता म्हणाले, "हत्यारं पूजेला बसल्यात. दसऱ्याचं सोनं वाटस्तवर न्हाई उठायची."

स्क्रू ड्रायव्हर मागायला मी लुना काढून कुपवाड गाठलं. तिथं तर अख्खी औद्योगिक वसाहतच कुंकू लावून बसलेली! शेवटी स्वयंपाकघरातलं उलथनं पळवलं. पहिल्याच स्क्रूला ते वाकलं, आणि बघतो तर मागं आबा!

"ह्याचंबी हत्यार केलंस व्हय रं?" म्हणत त्यांनी उलथन्याला कुंकू लावलं आणि तेही पाटावर बसवलं.

तेवढ्यात आतून वहिनी ओरडली, "उलथनं कुणी नेलं? तव्यावर धपाटं जळायलंय!"

ती बाहेर आली आणि तिनं काळा पडदा बघितला. "भावजी, माझा नकाशा?"

इतक्या हळू विचारलं की मला स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटली.

"आहे हो आत. फक्त कार्डाचं नाव कळत न्हाई."

"नाव? एवढंच?"

तिनं निरांजनाशेजारचा पुठ्ठ्याचा खोका उचलला, त्यातल्या फुलवाती आबांच्या ओंजळीत ओतल्या आणि खोका माझ्यापुढं धरला. कार्ड ज्यातनं आलं होतं, तोच खोका! वर हे एवढं ठळक नाव! सकाळपासून मी त्याच्यापुढं चारदा हात जोडले होते.

संध्याकाळी नकाशा दिसला. वहिनी पहिल्या वर्गात पास झाली. जळकं धपाटं मी खाल्लं.

पुढच्या खंडेनवमीला वहिनीनं हत्यारांच्या रांगेत एक जादा पाट मांडला.

"हा कुणाला?"

"बसा भावजी," माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवत ती म्हणाली, "आता सोनं वाटस्तवर न्हाई उठायचं!"

मी बसलो. त्या वर्षी कॉम्प्युटरला काहीही झालं नाही.