ओट्यावर तिघे, खाली बेचाळीस

शाळेचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्याकडे धान कापलं की शेतात पुंजणं रचतात, भाऱ्यावर भारा. तसंच आमचं होतं. लाखनीला हायवेवरच्या एका टपरीत आम्ही जुने वर्गमित्र भेटतो. एकानं एक किस्सा टाकला की दुसरा त्यावर आपला ठेवतो, आणि तिसऱ्या चहापर्यंत पुंजणं डोक्याच्या वर गेलेलं असतं!

माझी हयात बातमीदारीत गेली. ठेकेदारांशी भांडलो, पुढाऱ्यांशी भांडलो, संपादकांशी तर नेमानं भांडलो. लोक विचारतात, "एवढा तिरसटपणा आणता कुठून?" कुठून आणणार? शाळेतून आणलाय. शाळेचं नाव लिहीत नाही. आमच्या शाळेत नाव घेतलं जाणं ही फार मोठी गोष्ट होती. ती मी तिला फुकटात का देऊ?

*

आधी ओटा समजून घ्या. शाळेच्या पटांगणात झेंड्याच्या खांबाभोवती तीन पायऱ्यांचा सिमेंटचा ओटा होता. दर शनिवारी सकाळी प्रार्थना झाली की हेडमास्तर त्यावर उभे राहून नावं पुकारत. ज्याचं नाव येईल त्यानं ओट्यावर चढायचं. मग हेडमास्तर उरलेल्यांकडे हात करून म्हणत, "बाकीचे, टाळ्या!"

आमच्या वर्गात पंचेचाळीस पोरं. वामन हुशार, त्याचे पेपर हेडमास्तर स्टाफरूममध्ये दाखवत फिरायचे. सुधाकर गाणारा. परसराम धावणारा. हे तिघं ओट्यावरचे. उरलेले आम्ही बेचाळीस, बाकीचे. पाचवी ते दहावी, दर शनिवारी तीच तीन नावं आणि त्याच टाळ्या. पुढेपुढे माझे तळहात असे घट्ट झाले की धानकापणीला विळा धरून फोड येईना!

माझे बाबा शेतकरी. मला पाचवीत घालायला आले तो नेमका शनिवार होता. ओट्यावर चढलेली पोरं त्यांनी पाहिली, टाळ्या ऐकल्या, आणि ते दृश्य त्यांच्या मनात जे बसलं ते बसलं. त्या दिवसापासून दर शनिवारी मी घरी आलो की दप्तर ठेवायच्या आत प्रश्न यायचा, "चढला का रे बाबू?"

"नाही, बाबा."

"बरं. पुढच्या शनवारी."

सहा वर्षं! रागावले असते तर बरं झालं असतं.

*

आठवीत डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार होते. हेडमास्तरांनी विचार केला, वर्गात बेचाळीस बाकीचे बसले तर सरासरी कशी दिसेल? त्यांनी आम्हाला श्रमदानाला काढलं. गावच्या तलावात बेशरमाची झुडपं माजली होती, ती उपटायला. वर्गात राहिला वामन, आणि त्याच्या दोन बाजूंना शोभेला सुधाकर आणि परसराम.

आम्ही तासभर बेशरम उपटलं आणि मग स्वाभाविकपणे मासे धरायला लागलो. तेवढ्यात तलावाच्या पाळीवर जीप थांबली. डिप्टी साहेब रस्ता चुकले होते. त्यांनी चिखलानं माखलेली बेचाळीस पोरं पाहिली आणि विचारलं, "कोणत्या शाळेचे रे तुम्ही? वर्ग कोणता?"

आमच्यात डोमा सर्वांत धीट. एका हातात बेशरम, दुसऱ्या हातात मासा, असा तो पुढे झाला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, शाळा तिकडं आहे. आम्ही बाकीचे."

डिप्टी साहेब भले माणूस. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थ्यांचे श्रमदान विशेष उल्लेखनीय.'

शनिवारी हेडमास्तरांनी तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. आम्ही बेचाळीस जणांनी सदऱ्यांची बटणं लावली, केसांवरून हात फिरवले. हेडमास्तर म्हणाले, "या श्रमदानाबद्दल वर्गाचा मॉनिटर म्हणून वामन ओट्यावर येईल."

वामन चढला. त्याच्या चपलेला चिखल नव्हता.

*

समूहगीतात आम्हाला उभं करायचे, कारण समूह दिसायला पाहिजे. पण हेडमास्तरांची सक्त ताकीद होती, "तुम्ही फक्त ओठ हलवा. आवाज सुधाकर काढेल." चार वर्षं आम्ही ओठ हलवले. इतकं सफाईनं की कुठे श्वास घ्यायचा, कुठे मान वर करायची, सगळं अंगवळणी पडलं होतं.

नववीतल्या सव्वीस जानेवारीला पंचायत समितीचे सभापती पाहुणे होते. आदल्या दिवशी सुधाकरनं करंडीभर कच्ची बोरं खाल्ली. सकाळी घसा साफ बसलेला! हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही, कारण सांगायलाही आवाज लागतो. शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी आधीच कुरतडला होता, म्हणून गाणं पेटीशिवायच होतं.

हेडमास्तरांनी हात वर केला. सुधाकरनं तोंड उघडलं. काही नाही. आम्ही बेचाळीस जणांनी शिस्तीत ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज काढायचं एकाच्याही मनात आलं नाही. आवाज हे आमचं खातंच नव्हतं!

पटांगणात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सभापती चमकून उठले, टोपी नीट केली, हात जोडून मान खाली घातली. ते उठले म्हणून सरपंच उठले, सरपंच उठले म्हणून गाव उठलं. गाणं दोन मिनिटांचं होतं. दोन मिनिटं सगळं गाव मान खाली घालून उभं!

आमचे ओठ थांबले तसे सभापती हेडमास्तरांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "कोन वारलं जी?"

पुढच्या शनिवारी ओट्यावर कोण? सुधाकर! प्रकृती ठीक नसतानाही कार्यक्रमास उपस्थित राहिल्याबद्दल.

*

तेव्हा देशात आणीबाणी होती. आमच्या शाळेला फारसा फरक जाणवला नाही.

त्याच सुमारास मी माझी पहिली बातमी लिहिली. शाळेच्या भित्तिपत्रकावर दर आठवड्याला ओट्यावर चढलेल्यांची नावं लागत. मी त्याच्या शेजारी एक कागद चिकटवला. वर ठळक अक्षरांत, 'या शनिवारी टाळ्या वाजवणारे', आणि खाली बेचाळीस नावं, हजेरीपटाच्या क्रमानं. एकही नाव चुकवलं नाही.

मधल्या सुट्टीत कागदासमोर ही गर्दी! डोमानं आपलं नाव बोटानं शोधलं आणि म्हणाला, "बे, मायं नाव भिंतीवर कसं दिसते पाय!"

हेडमास्तरांनी कागद फाडला आणि मला बोलावलं. "यात बातमी काय आहे?"

"सर, हे लोक दर शनिवारी हजर असतात."

"बातमी ओट्यावर चढणाऱ्यांची होते. टाळ्या वाजवणाऱ्यांची होत नसते."

पुढे निरनिराळ्या कचेऱ्यांत बसलेल्या निरनिराळ्या संपादकांनी मला हेच वाक्य ऐकवलं. हेडमास्तरांनी निदान खुर्चीवरून उठून सांगितलं होतं.

*

दहावीत परसरामची जिल्ह्याच्या शर्यतीसाठी निवड झाली. नदीपलीकडून, कारध्याच्या पुढे दोन मैलांवरून निघायचं, पूल ओलांडायचा आणि भंडाऱ्याच्या मैदानात शेवट. खेळाच्या सरांना एक हरकाम्या पाहिजे होता, तो मी. माझ्याकडे परसरामचा टॉवेल, त्याच्या चपला आणि ग्लुकोजची पुडी. हुकूम असा, "परसराम पोचेल तेव्हा टॉवेल तिथं हजर पाहिजे!"

"सर, मी कसा जाऊ?"

"जा कसाही," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून परसरामच्या मागं निघाले. सायकल एकच होती.

मग मी धावलो. दुसरं काय करणार? गळ्यात टॉवेल, दोन्ही हातांत चपला, दातांत ग्लुकोजची पुडी. डोक्यात एकच विचार, तो पोचायच्या आत पोचलं पाहिजे. पुलावर मी परसरामला गाठलं. तो माझ्याकडे पाहून धापा टाकत म्हणाला, "बे, जरा हळू धाव ना! माया इज्जतीचा सवाल आहे."

हळू धावून मला चालणार नव्हतं. तो पोचला आणि टॉवेल नसला तर शिव्या मला बसणार होत्या.

मैदानात शिरलो. समोर दोरी धरलेली. ती कोणासाठी, याचा विचार करायला वेळ नव्हता. दोरी माझ्या छातीवर तुटली! पंच वही घेऊन धावत आले, "शाब्बास! नंबर काय तुझा?"

मी पुडी दातांतून काढली. "नंबर नाही, सर. टॉवेल आहे."

तेवढ्यात मागून सायकलची घंटी आणि सरांची आरोळी, "त्याला मोजू नका! तो कोणी नाही! तो टॉवेलवाला आहे!"

पंचांनी दोरीला गाठ मारली. परसराम आला, गाठीची दोरी तोडली, पहिला आला. मी त्याचा घाम पुसला.

शनिवारी तो ओट्यावर चढला आणि मी टाळ्या वाजवल्या. घरी आलो. बाबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते.

"चढला का रे बाबू?"

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. बाबांचा हात थांबला.

"म्हणजे पयला तू."

"नाही बाबा, मी शर्यतीत नव्हतो."

"धावत त होता ना?"

"धावत होतो."

"त्याच्या आंधी पोचला?"

"हो."

"मंग काहून नाई चढवलं तुले?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि मी पोटापाण्यासाठी प्रश्न विचारणारा माणूस आहे.

*

दहावीचा ग्रुप फोटो. मधोमध हेडमास्तर, शेजारच्या खुर्च्यांवर ते तिघं, मागं आम्ही. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला, "सर, फ्रेममध्ये सगळे बसून नाही राहिले." हेडमास्तरांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "कडेचे जाऊ द्या."

मी कडेचा होतो. फोटोत माझं उजवं कोपर आलं आहे.

बाबांनी तो फोटो काचेत बसवून ओसरीत लावला. पाहुणा आला की बोट ठेवून दाखवायचे, "हा कोपर आमच्या बाबूचा."

*

शेवटचा किस्सा ऐंशीनंतरच्या दशकातला. मी भंडाऱ्याला एका दैनिकाचा बातमीदार होतो. हेडमास्तर निवृत्त होणार होते. त्यांचं पोस्टकार्ड आलं, 'समारंभास शाळेची तीन रत्ने येणार आहेत. फोटोसह बातमी द्यावी.' त्यांनी चुकून का होईना, माझी आठवण काढली होती. गेलो. सोबत फोटोग्राफर, आणि हट्टानं आलेले बाबा.

ओट्यावर हेडमास्तरांच्या खुर्चीशेजारी तीन खुर्च्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी डकवलेली. वामन, सुधाकर, परसराम. तिघंही दूरच्या नोकऱ्यांत. अकरा वाजले, बारा वाजले. एकाची तार आली, एकाचा निरोप आला, परसरामचं काहीच आलं नाही. खाली मात्र बाकीचे झाडून सारे हजर! डोमा तर बैलगाडीतून पोरंबाळं घेऊन आला होता.

हेडमास्तर उन्हात बसून होते. म्हातारे दिसत होते. माझा राग कमी झाला होता असं नाही, पण त्या दिवशी तो काढावासा वाटेना. फोटोग्राफर म्हणाला, "रिकाम्या खुर्च्यांचा फोटो घेऊ का?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि माइकवरूनच म्हणाले, "अरे, तू ये वर. खुर्ची भरून काढ, फोटोपुरती."

सगळं पटांगण माझ्याकडे बघू लागलं. तीन पायऱ्या. मला बाबांकडे पाहायची हिंमत झाली नाही.

"माफ करा, सर," मी म्हणालो. "मी ड्यूटीवर आहे. बातमीदार स्टेजवर बसत नसतो."

खाली कुजबुज झाली. आणि तिसऱ्या रांगेतून बाबा उठले. त्यांनी धोतर झटकलं. चपला पहिल्या पायरीशी काढून जोडीनं ठेवल्या. एकेका पायरीवर हात टेकत वर गेले, तिन्ही खुर्च्यांवरच्या चिठ्ठ्या वाकून वाचल्या आणि परसरामच्या खुर्चीत बसले. अगदी ताठ.

हेडमास्तर गोंधळले. माइक चालूच होता. "आपण कोण, बाबा?"

बाबा माइककडे वाकले. "मी टॉवेलचा बाप. कारध्याहून पयला आलता तो."

मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि हात वर करून ओरडले, "चढलो रे बाबू!"