थंड शेगडीवरचा वास

किचनच्या भिंतीवर तेलाचा धूर बसतो ना, तसे किस्से बसतात. कितीही पुसा, चिकट राहतातच. इथे आखातात, अजमानच्या आमच्या लेबर कॅम्पातलं किचन मी सांभाळतो. झाडलोट, गॅस, भांडी. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. ज्याची त्याची शेगडी ठरलेली, आणि ज्याच्या त्याच्या देशाचा वासही ठरलेला.

०००

गुल खान पेशावरकडचा. शुक्रवारी मेंढीच्या चरबीत मटण शिजवायचा. शेजारच्या शेगडीवर केरळचा कुंजुमोन खोबरेल तेलात मासे तळायचा आणि त्याला डिवचायचा, "चाचा, इतना चरबी? हार्ट खलास!"

"मेरा दादा यही खाके पहाड़ चढ़ता था. तू अपना नारियल देख!"

माझ्या कुळथाच्या पिठीवर मात्र दोघांचं एकमत. "तात्या, साइट से सिमेंट लाया क्या?"

०००

एका शुक्रवारी दुपारी सगळ्या शेगड्या बंद, तरी मटणाचा घमघमाट सुटला! गुल खान दाराशीच बसला होता.

"चाचा, आज जल्दी पकाया?" कुंजुमोनने विचारलं.

"कहाँ पकाया? मुझे तो कोई खुशबू नहीं आती." एवढं बोलून तो खोलीत जरा आडवा व्हायला गेला.

उठलाच नाही. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले.

०००

जोएल फिलिपिन्सचा. भाताबरोबर खारवलेली सुकी मासळी तळायचा. तो वास आला की अर्धं किचन रिकामं! एकदा त्याची शेगडी थंड, आणि वास तोच. सगळ्यांनी नाकं धरली.

"फिश? नो स्मेल, तात्या!" जोएल हसला.

कुंजुमोनच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "यल्ला! हॉस्पिटल!"

आम्ही त्याला धरून गाडीत कोंबला. तो वाटभर ओरडत होता, "आय अॅम ओके, हबीबी!" हॉस्पिटलात छातीला वायरी लावल्या, तशी नर्सचं हसणं बंद झालं. जोएलला धावतच आत नेलं.

वाचला. परत आला तो आधी शेगडीच्या पाया पडला!

०००

बबन माझ्याच गावचा, चिपळूणकडचा. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाते हो?"

बबन खरं बोलला. सकाळी मलबारी पराठा, दुपारी बंगाल्याचा भात, मधे दुधाळ करक चहा, रात्री कुणा पाकिस्तान्याची बिर्याणी, आणि सुट्टीला स्वतःचा तळलेला बांगडा.

डॉक्टर म्हणाले, "हर देश का आदमी अपना खाता है. तू सबका खाता है. दिल तो एक ही है!"

तेव्हापासून मी त्याला उकडलेला दुधी घालतो.

"तात्या, हे खाऊन जगण्यापेक्षा..."

"गप. गीळ."

गावी त्याची लेक आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय. तो साइटवर गेला की मी त्याच्या शेगडीशी उभा राहून वास घेतो. बांगड्याचा वास येऊ नये, एवढंच माझं मागणं.

०००

हे परवाचं. बबन हार्टच्या तपासणीला गेला होता. सकाळपासून मी त्याची शेगडी हुंगत होतो. काही नाही. नुसता फिनेलचा वास.

दुपारी बबन हसत दारात उभा. "तात्या, हार्ट ओके! डॉक्टर म्हणाले, खुशाल घरी जाऊन ये."

माझे डोळे भरून आले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बबनने मोठा श्वास घेतला. "आणि आज पिठी का? लसणीची फोडणी गेटपर्यंत येतेय!"

"हां, मैं भी वही बोलने वाला था..." म्हणत कुंजुमोन आत आला. मग माझ्या तोंडाकडे बघून दोन पावलं मागे सरला.

मला फिनेलचाच वास येत होता. मी माझ्या शेगडीवर हात ठेवला. थंड होती.

"हात धू, बबन," मी म्हटलं. "दुधी वाढतो."