पगारे बाईंची खालची कडी

पगारे बाई गेल्या, हे आमच्या शाळेच्या लिपिकाने फोन करून सांगितलं तेव्हा मी गंगापूर रोडवर भाजी घेत उभा होतो. "सर, संस्थेने उद्या शोकसभा ठेवलीये. मुख्याध्यापक म्हणून तुम्हाला दोन शब्द बोलायचेत." दुसऱ्या दिवशी संस्थेचे चिटणीस हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या शाळेचं काळीज होत्या." याच माणसाने तीन ओळींचं पत्र देऊन बाईंना घरी पाठवलं होतं. मला त्यांचा संताप आला. मग माझी पाळी आली. मीही उठलो आणि बाई किती हसतमुख, किती कामसू… असं काहीबाही बोलून खाली बसलो. त्याला पाच आठवडे झाले. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता इथे लिहितो आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी बाई आमच्या प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून तात्पुरत्या नेमणुकीवर आल्या. तेव्हा मी पर्यवेक्षक होतो. प्राथमिक शाळेला समुपदेशक कशाला हवा, हे आम्हा कुणालाच कळत नव्हतं. कुणी शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग आम्ही बाईंच्या गळ्यात मारायचो. उरलेल्या वेळात शिक्षक मुलांना धाक घालायचे, "गप बस, नाहीतर वेड्यांच्या बाईंकडे पाठवीन." मुलं मात्र त्यांना 'गप्पांच्या बाई' म्हणायची. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी चेष्टेने विचारायचंच, "काय बाई, आज किती तास गप्पा?" बाई डबा उघडता उघडता म्हणायच्या, "तुम्ही अर्धा तास ओरडता, मला ते निस्तरायला चार दिवस लागतात. हिशोब तुम्हीच करा." सगळे हसायचे. मीही.

जिन्याखालची खेळाच्या सामानाची खोली त्यांना दिली होती. खुर्ची-टेबल त्यांनी बाहेर काढलं, सतरंजी अंथरली आणि सुताराला बोलावून दाराला आतून, जेमतेम लहान पोराच्या कमरेएवढ्या उंचीवर, एक कडी बसवून घेतली. मी विचारलं, "बाई, एवढ्या खाली?" त्या म्हणाल्या, "ती माझी नाही, सर. पोर आत आलं की लावायची का नाही ते त्याने ठरवायचं. उघडायची कधी तेही त्यानेच." मैदानाकडची खिडकी मात्र सताड उघडी असायची. काही मुलं पहिले आठ दिवस नुसती कडी लावायची आणि काढायची. बाई शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. मला ते बघून चीड यायची. पगार याचा देतो का आपण, असं वाटायचं.

मग शाळा तपासणी आली. मी बाईंना फर्मान काढलं की समुपदेशनाची नोंदवही हवी. मुलाचं नाव, अडचण, केलेले उपाय, सगळं त्यात यायला हवं. बाई म्हणाल्या, "मुलं मला सांगतात, वहीला नाही." मी म्हणालो, "नोंद नसेल तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं मी काही सांगू शकत नाही." नवरा नसलेल्या, म्हाताऱ्या आईला सांभाळणाऱ्या बाईला मी हे सांगितलं. त्यांनी वही लिहिली, नावांशिवाय, आणि माझ्यासमोर कपाटात ठेवून म्हणाल्या, "तपासणीपुरती. वाचून दाखवायला नाही."

तपासणी झाली. पुढच्या महिन्यातल्या पालकसभेत शाळेचं काम दाखवायचं म्हणून मी जादा किल्लीने ते कपाट उघडलं. माईकवरून एक नोंद वाचली. (त्या मुलीचं गाव, इयत्ता, बरंच काही इथे बदललं आहे. तेव्हा मला एवढीही अक्कल नव्हती.) एक मुलगी वर्गात बोलत नाही. आई वारली असं घरचे सर्वांना सांगतात, पण आई नामपूरला माहेरी आहे. मुलगी शनिवारी शाळा सुटल्यावर समोरच्या बूथवरून तिच्याशी फोनवर बोलते. आता थोडं बोलू लागली आहे… वाचून झाल्यावर टाळ्यांची वाट बघत मी मान वर केली. पहिल्या रांगेत त्या मुलीची आजी बसली होती. ती उठली, डोक्यावरचा पदर ओढला आणि सरळ चालायला लागली.

सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही. बूथवाला म्हणाला, "तिचा बाप दम देऊन गेला, सर. पोरीला फोन दिला तर दुकान फोडीन म्हणला." दाखला न्यायला वडील आले ते थेट चिटणिसांकडे. बैठक बसली. चिटणिसांनी मला विचारलं, "ही वही तुम्हाला कुणी वाचायला दिली?" समोर बाई बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाईंनीच दिली."

दोनच शब्द. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या चिटणिसांना एवढंच म्हणाल्या, "वही मी लिहिली. लिहायला नको होती." तीन ओळींचं पत्र आठवड्याने निघालं. पुढे मला बढती मिळाली. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की सभेत मी मुलीचं नाव कुठे घेतलं होतं? नाव घेतलं नव्हतं, एवढ्यावर मी जेवलो, झोपलो, शिक्षकदिनी भाषणं केली.

तीन-चार वर्षांपूर्वी बाई बसथांब्यावर भेटल्या. पिंपळगावच्या एका शिकवणीत शिकवायला जात होत्या. मी चाचरत सुरुवात केली, "बाई, त्या वेळी माझं…" त्यांनी हात वर केला. "मला नका सांगू, सर. पोरीचा शनिवार गेला, माझं काय गेलं? तिला सांगा." बस आली, त्या चढल्या. मुलीचा पत्ता जुन्या रजिस्टरात होता. मी गेलो नाही. आता गेल्या महिन्यात गेलो तर ते घर दुसऱ्याच कुणाचं आहे आणि हे कुटुंब कुठे गेलं, कुणाला ठाऊक नाही.

चिटणिसांवर रागावणं सोपं आहे. त्यांनी विचारलं, खोटं मी बोललो. कपाट बाईंनी उघडलं नव्हतं, मी उघडलं होतं. हे छापून आल्यावर माझ्या खुर्चीचं जे व्हायचं ते होवो.

बाईंनंतर आमच्या शाळेत समुपदेशक आला नाही. जिन्याखालच्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. परवा ते काढायला लावले आणि दार आतून लोटून घेतलं. कडी जागेवरच आहे, तीनदा ऑइलपेंट खाऊन घट्ट बसलेली. ती सरकवायला मला गुडघ्यावर बसावं लागलं, तरी ती हलली नाही. शिपाई आत आला आणि म्हणाला, "सर, काढून टाकू का ती? लय खाली हाय. कोणाच्या हाताला येती?"

बाहेर मधली सुट्टी झाली होती, मैदानात पोरं धावत होती. मी गुडघ्यावरूनच खिडकीकडे बोट केलं.