काकांची लस

कणकवलीच्या स्टँडवर एसटी लागली होती. आईच्या हातातली पिशवी खिडकीच्या गजांतून आत येईना, म्हणून तिनं ती तिथेच उघडली आणि आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं अशी एकेक पुडी माझ्या हातात दिली. बाबा लांब उभे राहून कंडक्टरशी बोलत होते. दुसऱ्याच कुणाला पोचवायला आल्यासारखे. गाडी सुरू झाली तेव्हा आई गजाला धरून चार पावलं चालली. म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात रवतलंस. गप रव. चुकलंस तर अजून गप रव."

गिरण्यांच्या संपाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी बीएस्सी करून दोन वर्षं घरी बसले होते आणि मुंबईत मावशीकडे राहून नोकरी शोधणार होते. तुम्हा भावंडांना पुढचं जे माहीत आहे ते माझ्या पत्रांतलं आहे: नोकरी लागली, काका आजारी पडले, काका गेले. मधलं मी कधी लिहिलं नाही. आता तुमचीही मुलं पुण्याला, दुबईला गेली. फोनवर ती "सगळं ठीक आहे" म्हणतात आणि तुम्ही निश्चिंत होता. म्हणून एकदा सांगून टाकते.

मावशीचं घर जोगेश्वरीला, पूर्वेला, चाळीत दोन खोल्या. मूलबाळ नाही. मावशीचे यजमान, आपले काका, एका गिरणीत मागावर होते. संपात नोकरी गेली आणि ते मरोळला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. मुंबई मला त्यांनी शिकवली. कुठली बस कुठल्या बाजूनं मिळते, पर्स कशी धरायची, रस्ता माहीत नसला तरी माहीत असल्यासारखं कसं चालायचं. अंधेरीला एका हॉस्पिटलच्या मागच्या बैठ्या इमारतीत कॅन्सरवर संशोधन करणारी छोटी लॅब होती. तिथे माझा इंटरव्ह्यू झाला तेव्हा ड्युटी बदलून घेऊन काका तीन तास बाहेर उभे होते. मला घेतलं म्हटल्यावर म्हणाले, "झकास! आता साहेबीण झालंस गो तू."

लॅब पारुळेकर मॅडमची. त्या कॅन्सरवर लस करत होत्या. लस म्हणजे रोग होऊ नये म्हणून टोचतात ती, एवढंच मला ठाऊक. ही आजार झाल्यावर द्यायची होती. पेशंटची गाठ ऑपरेशननं काढली की तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या, गोठवून ठेवायच्या, द्यायच्या वेळी किरणांनी त्यांची वाढ कायमची थांबवायची आणि अगदी शेवटी थोडी बीसीजी मिसळून त्याच माणसाच्या मांडीत टोचायच्या. शरीराला आपला शत्रू ओळखता यावा म्हणून. मॅडम म्हणायच्या, "होईल असं मी म्हणत नाही. होऊ शकेल, एवढंच म्हणते." आम्हा सगळ्यांना मात्र ते होणारच असं वाटायचं.

वर्षभरानं काकांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. त्यांनी ते दोन महिने लपवलं. मावशीला कपड्यांवर डाग दिसला तेव्हा कळलं. डाव्या मूत्रपिंडात गाठ होती. काकांना लशीसाठी घ्या म्हणून मी मॅडमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्या म्हणाल्या, "त्यांना नीट समजावून सांग, नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे. मग घेऊ."

ऑपरेशन झालं आणि गाठ बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आली. डब्यावर काकांचं नाव. ती बारीक कापायचं काम माझं होतं, कारण लॅबमध्ये तेव्हा तो हात माझाच बसला होता. पिवळट, मऊ, मधे रक्ताळलेली. मला उलटी येत होती आणि त्याच वेळी डोक्यात होतं की यातला कणही वाया जाता कामा नये. गाठीचा बराचसा भाग मेलेला निघाला. हाती आल्या जेमतेम सहा कुप्या. दोन कुप्यांचा एक डोस.

पहिला डोस गुरुवारी द्यायचा ठरलं. मंगळवारी मी दोन कुप्या बाहेर काढल्या, पेशी धुतल्या. किरण देऊन आणल्यावर त्यांना दोन दिवस गुलाबी द्रवाच्या बाटलीत उबेला ठेवायचं होतं. हे काम काचेच्या कपाटात करायचं. त्याचा पंखा गाळलेली हवा आपल्याकडे सोडत राहतो, म्हणजे बाहेरचे जंतू आत येत नाहीत. बाटलीचं तोंड उघडं असताना लाइट गेली आणि पंखा थांबला.

नियम साधा होता. पंखा थांबला की हातातलं टाकून द्यायचं.

मी टाकलं नाही. समोर काकांच्या सहातल्या दोन कुप्या होत्या. बर्नर जळत होता, त्याच्याजवळ बाटली धरून मी भराभरा काम संपवलं, बूच लावलं. चार-पाच मिनिटं गेली असतील. कुणी पाहिलं नव्हतं. त्याच बाटलीतले थेंब तपासणीसाठी प्लेटांवर पसरले, कारण जंतू असले तर एक-दोन दिवसांत त्यांचे ठिपके उगवतात. बुधवारी प्लेटा स्वच्छ. गुरुवारी सकाळीही स्वच्छ. मला हायसं वाटलं.

फ्रान्सिस आमच्याकडे यंत्रं सांभाळायचा. वसईचा, माझ्याच वयाचा. त्याचं स्वतःचं एक वेड होतं. एक-दोन दिवस प्लेटांची वाट न बघता अर्ध्या तासात जंतू ओळखणारं यंत्र त्याला करायचं होतं. पेनाएवढी काडी, टोकाला पातळ पडदा. जंतू श्वास घेतात, द्रवातला प्राणवायू संपवतात, तो कमी झाला की रेकॉर्डरचं पेन कागदावर खाली सरकतं. सगळे त्याला हसायचे. गुरुवारी तो माझ्याकडे आला. "तुझ्या बाटलीतलं थोडं दे ना. नक्की स्वच्छ असलेलं काहीतरी पाहिजे, झिरो लावायला."

मी उरलेल्यातलं थोडं दिलं. काका-मावशी तोवर येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. अकराला टोचायचं होतं.

फ्रान्सिसनं हाक मारली. पेन खाली चाललं होतं.

"मशीनची वाट लागली यार," तो म्हणाला. त्यानं पडदा बदलला. पुन्हा तेच. मग नुसता ताजा गुलाबी द्रव घालून पाहिला, तर रेघ सरळ. माझं उरलेलं घातलं की पेन पुन्हा खाली.

"तुझ्या त्या पेशी एवढा श्वास घेतील?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा. बाटली उजेडात धरली, तर गुलाबी, नितळ, काही दिसेना. तेवढ्या वेळात मी काय काय विचार केला ते आजही सांगायला लाज वाटते. डबडं आहे त्याचं. प्लेटा स्वच्छ आहेत. बोलले तर नोकरी जाईल, मावशीच्या घरातून जावं लागेल, कणकवलीच्या स्टँडवर परत उतरावं लागेल. आईचं बोलणं आठवलं आणि मी खरंच गप्प बसले. दोन मिनिटं असतील. मग खिडकीतून काका दिसले. परिचारिकेनं सांगितलं म्हणून ते पँटचा पाय वर करता येतो का ते बघत होते.

मी मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, "आजचा डोस देऊ नका."

त्यांनी फ्रान्सिसचा कागद पाहिला, प्लेटा पाहिल्या, थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. "एखादा ठिपका दिसतो, पण तो कचराही असेल. कुंदा, या काडीच्या भरवशावर मी डोस टाकून देऊ? त्यांच्या गाठीतलं आता किती उरलंय?"

"चार कुप्या."

"मग? आणखी काही आहे का?"

मी लाइट गेल्याचं सांगितलं. मॅडम चिडतील, ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हे मंगळवारी सांगितलं असतंस तर आज ते इथे उपाशी येऊन बसले नसते. जा, त्यांना तूच सांग. लाइटचंसुद्धा."

लॅबच्या दारापासून त्या बाकापर्यंत वीस पावलं असतील. मी सांगितलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. काकांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "म्हणजे ता टोचला असता तर?"

"रक्तात जंतू गेले असते. ऑपरेशन नुकतंच झालंय. तुम्ही कदाचित..."

"मगे सांगितलंस ता बरा केलंस," काका म्हणाले. "मागावर धागो तुटलो की माग थांबवूचो लागता. जो थांबवणा नाय, तेचो सगळो ताको फुकट." आणि पँटचा पाय खाली करून उठले. "चल गो, घराक जावया. माका भूक लागली."

त्यानंतरचे दोन दिवस मी कशी जगले ते विचारू नका. बाटलीतला द्रव नव्या प्लेटांवर पसरला होता. ठिपके उगवले नाहीत, तर मी काकांचा डोस उगाच फेकला. उगवले, तर त्यात जंतू माझ्या हातानं गेले. मावशी ताट वाढायची आणि बोलायची नाही. काका रेडिओ मोठ्यानं लावायचे.

शनिवारी सकाळी मी प्लेट उघडली. कडेला पिवळसर ठिपके होते, मोहरीएवढे. मंगळवारी जंतू इतके थोडे होते की प्लेटांवरच्या थेंबांत आलेच नव्हते, बाटलीच्या उबेत मग वाढले. मला आनंद झाला. काकांच्या अंगात जे गेलं असतं ते डोळ्यांनी बघून मला आनंद झाला, आणि मग मी बाथरूमची कडी लावून रडले. फ्रान्सिस दाराबाहेरून म्हणत होता, "ए कुंदा, बाहेर ये ना. कुणी मेलंय का? कुणी नाही मेलं."

मॅडमनी मला काढलं नाही. तीन महिने माझ्या प्रत्येक कामाच्या वेळी कुणीतरी शेजारी उभं राहील एवढंच केलं. उरलेल्या चार कुप्यांचे दोन डोस काकांना दिले. तीन द्यायचे होते. मांडीवर गळूसारखं लाल व्हायचं, ताप यायचा, आणि काका म्हणायचे, "लढाय चालू झाली वाटता." चौदा महिन्यांनी त्यांच्या फुफ्फुसात गाठी दिसल्या. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

तिसरा डोस मिळाला असता तर? मी मॅडमना विचारलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दोन डोसांनी काही केलं की नाही, तेही माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही." पुढे ते संशोधन बंदच पडलं. फ्रान्सिस बंगलोरला गेला. आज तसली यंत्रं खिशात मावतात म्हणे, आणि कॅन्सरच्या लशींच्या बातम्या पेपरात येतात. मी रिटायर होईपर्यंत अशाच कामात राहिले, कितीतरी मुलींना शिकवलं. पंखा थांबला तर मला येऊन सांगा, मी ओरडणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगायचे. तरी पंखा बंद पडल्याचा आवाज, म्हणजे आवाज थांबल्याचा आवाज, मला कुठेही दचकवतो.

गावी आले की तुम्ही प्रेमानं विचारता, "कितक्या दिवसांसाठी इलंस?" त्यात काही चूक नाही. पण मला जोगेश्वरीत ते कुणी विचारत नाही. ती दोन खोल्यांची जागा माझं घर कधी झाली ते मला बरोबर सांगता येतं.

काका जाऊन महिना झाला होता. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध आलं, पाणी गेलं, एवढंच. मी मुलुंडला एक वर्किंग वुमन्स हॉस्टेल बघून ठेवलं होतं, सांगायचा धीर होत नव्हता. एका सकाळी तिनं मला रजा टाकायला सांगितली आणि रेशन ऑफिसात नेलं. काकांचं नाव कमी करायचं होतं. क्लार्कनं लाल शाईनं त्यांच्या नावावर रेघ मारली, शिक्का मारला आणि कार्ड परत सरकवलं. मावशीनं ते पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. "हिचा नाव घाल."

क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं. "नातं?"

"घरातली," मावशी म्हणाली.

"बाई, असं नाही लिहिता येत. कोण लागते तुमची?"

"घरातली म्हणून सांगतंय मा. तुका काय लिवचा ता लिव."

त्यानं 'भाची' लिहिलं. शाई ओली होती, मावशीनं फुंकर घातली. मग मला म्हणाली, "चल. येताना बोंबील घेवया, ताजे गावले तर."