उतरलेला सूर

माझी मावशी चौतीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होती. कुणाचा सूर उतरला की ती टेबलावर पेन्सिल आपटायची, म्हणून मुलांनी तिचं नाव 'पेन्सिलबाई' ठेवलं होतं. निवृत्तीच्या समारंभात ती पाऊण तास बोलली. संगीत दुखणं हलकं करतं, संगीत माणसाला देवाच्या दारात नेऊन उभं करतं, वगैरे वगैरे. पहिल्या रांगेत तिचे यजमान, म्हणजे काका, मान डोलावत बसले होते. या माणसाला स्वतःच्या घरात गुणगुणायचीही बंदी आहे, हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. गळा म्हणाल तर ठार बेसूर. लग्नानंतर आठवड्याभरात दाढी करताना त्यांनी काहीतरी म्हटलं, तर मावशी दारात येऊन म्हणाली, "अहो, माझ्या कानांवर जरा दया करा." काका हसले आणि गप्प बसले, ते पुढची चाळीस वर्षं. हा किस्सा मावशी चारचौघांत रंगवून सांगायची. मला त्यावर कधी हसू आलं नाही.

मग काकांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'तं... तं...' एवढंच निघायचं. दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट पंचविशीची मुलगी होती. ती म्हणाली, "आजी, यांचं बोलणं गेलंय, पण गाणं शाबूत आहे. शब्द गाऊन काढून घ्यायचे. त्यांच्या डाव्या हातावर ठेका धरा आणि दोनच सूर घ्या, एक खालचा, एक वरचा. पा-णी ह-वं. आणि सूर लागतो का ते बघू नका हं. शब्द बघा."

"मला गाणं शिकवतेय," बाहेर आल्यावर मावशी पुटपुटली. पण तिचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर जे सांगितलं ते आता घरातच खरं होणार होतं.

आणि झालंही. कामावर जाण्याआधी मी रोज त्यांच्याकडे मदतीला जायचे. दुसऱ्याच आठवड्यात काकांनी ठेक्यावर "पाणी हवं" म्हटलं आणि आम्ही तिघंही रडलो. संगीतानं माणूस बरा होतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्याच सुमाराला त्यांचा जुना सहकारी भेटायला आला. तो म्हणाला, "वहिनी, हे कामावर दिवसभर गायचे की! लिफ्टच्या बोगद्यात आवाज असा घुमायचा, की वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायला खाली यायचे."

"हे? गायचे?" मावशी म्हणाली. काका खिडकीकडे बघत होते.

पण जित्याची खोड ती. "छान. जरा वर घ्या." "'हवं' उतरलं, पुन्हा." काका पुन्हा म्हणायचे, आणखी चुकायचे, मग ओठ मिटून बसायचे. मी चिडायचे. "मावशी, परीक्षा घेतेयस का त्यांची?"

"अगं, मुद्दाम करते का? तोंडातून निघून जातं."

त्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती. चादरी बदलून झाल्या, धुऊन झाल्या, आता कालच्या वाळलेल्यांच्या घड्या चालल्या होत्या. मी गॅसपाशी दूध तापवत होते. काकांनी आपणहून डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर ठेका धरला आणि गायले, "तू... बस जरा... दमलीस."

"'लीस' उतरलं," मावशी घडीवरून मान वर न करता म्हणाली. "वर घ्या."

ठेका थांबला. काका तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय म्हणाले गं ते?" मावशीनं मला विचारलं.

"तू ऐकलं नाहीस?"

"मी सूर ऐकला."

मला इतका संताप आला होता, की मी सांगून टाकलं. "बस जरा, दमलीस, असं म्हणाले. आपण शिकवलेलं नव्हतं ते. त्यांचं स्वतःचं होतं."

मावशी हातातल्या चादरीसकट पलंगाच्या कडेवर बसली. काकांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर काका सात महिने जगले. थेरपिस्टनं जंग जंग पछाडलं, पण एक शब्द निघाला नाही. "यांची इच्छाच दिसत नाही," ती म्हणायची. मावशी रोज सकाळी त्यांचा डावा हात हातात घेऊन ठेका धरायची आणि गायची, "तू बस जरा, दमलीस." शेवटचा सूर मुद्दाम उतरवून, काकांनी उतरवला होता तसा. जन्मात कधी बेसूर न झालेली बाई ती. मला ते ऐकवायचं नाही. काका ऐकायचे, तिच्याकडे बघायचे आणि ओठ मिटून घ्यायचे.

एकदा मी पर्स उचलून निघाले, तर तिनं मला दारात गाठलं.

"तू ऐकलं होतंस ना गं," ती हळूच म्हणाली. "खरं सांग. त्यांचा सूर मी गाते तेवढाच उतरला होता, की आणखी थोडा?"